अंगणातली बॉक्स टर्टल्स थंडीत घरात घ्यावीत का?

सायली_एम

मंडळी, सल्ला हवा आहे, आणि जरा घाईने.

शेजारच्या आजोबांनी घर विकलं आणि मुलीकडे राहायला जाताना त्यांची दोन थ्री-टोड बॉक्स टर्टल्स (मागच्या पायाला तीन बोटं असलेली, कवच घट्ट मिटून घेणारी जमिनीवरची कासवं) आमच्या गळ्यात टाकली. नर हँक, मादी डॉटी. वय त्यांनाही नक्की ठाऊक नाही, "मुलगी शाळेत होती तेव्हापासून आहेत" एवढंच म्हणाले. मुलीला आता नातवंडं आहेत, म्हणजे हिशेब तुम्हीच करा.

आम्ही अमेरिकेत, मिझुरीत राहतो. ऑगस्टपासून दोघं मागच्या अंगणात आहेत. नवऱ्याने फळ्या ठोकून १२ बाय ८ फुटांचं कुंपण केलंय, आत एक उथळ पाण्याची थाळी, थोडी झुडपं, एक ओंडका. उन्हाळा मजेत गेला. आता रात्रीचं तापमान ४५ फॅरनहाइटच्या आसपास येऊ लागलंय. हँक दुपारी तासभर उन्हात येतो, बाकी वेळ पानांखाली. दोघांचंही खाणं जवळजवळ बंद.

आजोबा म्हणायचे की काही करायचं नसतं. ऑक्टोबरअखेर ती मातीत गडप होतात आणि एप्रिलच्या पावसात आपोआप वर येतात. माझा जीव मात्र राहत नाही. नवऱ्याचं म्हणणं, गॅरेजमध्ये टबात माती घालून ठेवू, ना घर ना बाहेर. मला वाटतं सरळ आत आणून दिवे लावावेत. मुलींचं म्हणणं, त्यांच्या खोलीत. कुणी पाळली आहेत का?

मनमौजी

वाचतोय. आमच्या गावच्या महादेवापुढेही एक कासव आहे. बारा महिने एकाच जागी, दगडाचं. त्याला दिवा लावावा लागत नाही. तुम्ही मात्र दिवे घ्या.

अरविंदकाका

सायली, घाबरू नका. तुमचे आजोबा बरोबर सांगत होते.

ही इथलीच जनावरं. थ्री-टोड तर २००७ पासून तुमच्या राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी आहे. थंडी कशी काढायची हे त्यांना आपण शिकवायला नको. आपण फक्त जागा नीट करून द्यायची. कुंपणात जिथे पाणी साचत नाही असा उंच भाग निवडा, तिथली माती दीड-दोन फूट खोल खणून भुसभुशीत करा आणि परत तिथेच भरा. वर ओक, मेपल जी मिळेल ती पानं फूटभर. त्यावर जाड तारेची जाळी, कडा दगडांनी दाबून. जाळी रॅकूनसाठी आणि उंदरांसाठी. झोपलेल्या कासवाचे पाय उंदीर कुरतडतात, आणि त्याला पळता येत नाही.

आपण खड्डा करून कासव पुरायचं नाही. ते स्वतःच उकरून बसतं आणि थंडी वाढली की आणखी खाली सरकतं. बर्फ पडला तर आनंद माना, त्याखाली माती फारशी गार होत नाही. बिनबर्फाची, वाऱ्याची, कोरडी थंडी जास्त वाईट.

निशिगंधा_वा

काकांना अनुमोदन, पण एका अटीवर. मी जखमी वन्यप्राण्यांच्या केंद्रात शनिवार-रविवार मदतीला जाते. दर वसंतात आमच्याकडे येणारी निम्मी कासवं "ते तर दरवर्षी बाहेरच झोपतं" या वर्गातली असतात. झोपायला गेलेलं कासव आजारी असेल तर झोपेत बरं होत नाही. शरीर थंड असताना प्रतिकारशक्तीही जवळजवळ झोपलेली असते.

म्हणून आधी हे सांगा. वजन केलंय का? डोळे पूर्ण उघडे आणि स्वच्छ आहेत का? नाकातून बुडबुडे, तोंड उघडं टाकून श्वास? कानाच्या जागी, जबड्याच्या मागे, एका बाजूला फुगवटा? विष्ठा कधी तपासली आहे?

सायली_एम

काका, निशिगंधा, आभार. स्वयंपाकघरातल्या (जुन्या, आता त्यांच्याच नावावर केलेल्या) काट्यावर वजन केलं. हँक ४६० ग्रॅम, डॉटी ३१०. दोघांची लांबी जवळपास सारखीच आहे.

हँकचे डोळे लालभडक आणि टक्क उघडे. डॉटीचा उजवा डोळा आठवडाभर अर्धवट मिटलेला दिसतोय, खालची पापणी जाड. माती उकरताना काही गेलं असेल असं वाटलं होतं. बुडबुडे नाहीत. विष्ठेचं काही माहीत नाही.

निशिगंधा_वा

मग डॉटीचा विषय संपला. ती या वर्षी झोपणार नाही.

एवढी लांबी आणि ३१० म्हणजे अंगात साठा कमी. झोपेचे चार-पाच महिने ती त्या साठ्यावरच काढणार असते. सुजलेली पापणी बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची पहिली खूण असते. पुढची पायरी म्हणजे कानात पू. सरपटणाऱ्यांचा पू घट्ट असतो, औषधाने वाहून जात नाही, डॉक्टरांना चिरा देऊन काढावा लागतो. सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य गाठा, कुत्र्या-मांजरांचा नव्हे. आणि कृपा करून दुकानातून अ जीवनसत्त्वाचे थेंब आणून स्वतःच्या मनाने देऊ नका. जास्त झालं तर कातडी सोलवटते.

खटपट्या

इतकं कशाला? सायलीताईंच्या मिस्टरांची गॅरेजची कल्पना मला झकास वाटली. बाहेरच्यापेक्षा उबदार, घरापेक्षा गार. मधला मार्ग.

अरविंदकाका

खटपट्या, गॅरेजचं तापमान किती राहतं, मोजलंय का?

खटपट्या

घराला चिकटून आहे, ५५ ते ६० असेल. का हो?

अरविंदकाका

कारण कासव मारायचं असेल तर हाच तो आकडा.

जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. कासवाच्या अंगाची ऊब बाहेरून येते. ४० ते ५० फॅरनहाइटमध्ये त्याचा सगळा कारभार इतका मंदावतो की महिनोन्‌महिने अन्न लागत नाही. ७० च्या वर ते हिंडतं, खातं, पचवतं. ५५-६० ला काय होतं? ते पुरतं झोपत नाही, मंद जागं असतं. अंगातली चरबी जळत राहते, पण भूक लागण्याइतकी किंवा खाल्लेलं पचण्याइतकी ऊब नसते. पोटात काही उरलं असेल तर तिथेच कुजतं. शिवाय गॅरेजची हवा कोरडी, टबातली माती दोन आठवड्यांत वाळते. डिसेंबरभर ते उपाशी, तहानलेलं आणि सर्दावलेलं बसून राहतं आणि आपल्याला वाटतं, वा, छान झोपलंय. फेब्रुवारीत उचललं की हलकं लागतं.

खरं गार किंवा खरं उबदार. मधला मार्ग माणसांच्या भांडणात चालतो.

प्रफुल्ल_जे

काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००. बाकीच्याला नाही. :)

माझी दोन ईस्टर्न बॉक्स टर्टल्स दर थंडीत घरात असतात, जागी, खातीपिती. "निसर्गात तर झोपतात" हा मुद्दा मला पटत नाही. निसर्गात काही झोपतात ती उठतच नाहीत, त्याला कुणी फोटो टाकत नाही. अंडी हवी असतील तर थंडीचा काळ उपयोगी पडतो असं पाळणारे सांगतात. मला पिल्लं नकोत. मग धोका कशाला?

पण घरात म्हणजे काचेची मासळीची पेटी नव्हे. त्यांना काच कळत नाही, दिवसभर तीच ती कड घासत चालतात. माझ्याकडे ६ बाय ३ फुटांचा प्लायवूडचा उघडा खोका आहे, बाजू दीड फूट उंच. आत सहा इंच माती आणि नारळाच्या भुशाचं मिश्रण, मूठ वळली तर गोळा होईल पण पाणी ठिबकणार नाही इतकं ओलं. वर सुकी पानं. देवदाराचा भुसा अजिबात नाही, त्यातलं तेल श्वासाला वाईट.

एका टोकाला तापणारा दिवा, खालच्या जागी ८५ ते ८८. दुसरं टोक ७०-७२. रात्री सगळे दिवे बंद. सोबत यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) लांब नळी, दिवसाचे १२ तास, टायमरवर. नळीतून उजेड येतोय म्हणजे यूव्हीबी येतंय असं नाही, ते आधीच संपतं. मी दर ऑक्टोबरला नवी लावतो. खिडकीतल्या उन्हाचा यूव्हीबीसाठी उपयोग नाही, काच ते अडवते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी ठणठणीत असते. इथे बॉक्स टर्टल आजारी पडतं ते बऱ्याचदा थंडीने नाही, कोरडेपणाने. रोज सकाळी पाणी फवारा, आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा, पाणी हनुवटीपर्यंत.

गौरी_डी

कासवाला ८८ डिग्री, आणि आमच्याकडे मी थर्मोस्टॅट ७० वर केला की "स्वेटर घाल" ऐकावं लागतं. पुढच्या जन्मी तीन बोटांची होऊन येईन.

मनमौजी

गौरी, आधी चार महिने न बोलता राहून दाखवा.

गौरी_डी

हे नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने तुम्हाला नोकरीच देऊ केली आहे.

विवेक_फ्रिजवाले

(आयडी या छंदामुळेच पडलाय, हसू नका.)

तिसरा पर्याय. माझी कासवं तळघरातल्या छोट्या फ्रिजमध्ये झोपतात. मध्यभागी ४२ ते ४५, आत-बाहेर दोन तापमापक, दर दिवशी मिनिटभर दार उघडायचं म्हणजे हवा बदलते. प्रत्येकाचा वेगळा डबा, झाकणाला भोकं, आत ओलसर माती आणि पानं. पूर, उंदीर, जानेवारीतला खोटा वसंत, काही नाही. महिन्यातून दोनदा वजन करतो. वजन झपाट्याने घसरलं, किंवा मातीत लघवी झालेली दिसली, की त्या वर्षीची झोप रद्द, हळूहळू उबेला आणायचं आणि पाण्यात बसवायचं.

फ्रिजला घालण्याआधी दोन-तीन आठवडे अन्न बंद, पाणी मात्र चालू. आतडं रिकामं पाहिजे.

पहिल्याच वर्षी नवख्याने हे करू नये, असं मीच सांगतो. वीज गेली तर काय करायचं याचं उत्तर आधी तयार पाहिजे.

शुभदा_के

तुमच्याकडे पाहुणे आले आणि कोल्ड्रिंक काढायला गेले तर?

विवेक_फ्रिजवाले

म्हणून दारावर मराठीत आणि इंग्रजीत पाटी आहे. तरी मेहुणा उघडतोच.

शुभदा_के

गंमत बाजूला, मुलींच्या खोलीत ठेवू नका. कासवं साल्मोनेला (माणसाला आजारी पाडणारे जंतू) बाळगतात, स्वतः ठणठणीत असली तरी. इथे ४ इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती याचमुळे, लहान मुलं ती तोंडात घालायची. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर फारच जपा. हात लावला की साबणाने धुवायचे, पाण्याची थाळी आणि अंघोळीचं टमरेल स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न्यायचं नाही. कासवाची पापी तर नाहीच. आमच्याकडे हा नियम वेगळा सांगावा लागला होता.

पुणेरी_पाहुणा

काय हो, हे सगळं फॅरनहाइटमध्ये का बोलता? मनातल्या मनात भागाकार करून दमलो. आणि आमच्याकडे कुणाला तारा कासव मिळेल का?

निशिगंधा_वा

पाहुणे, ४० ते ५० फॅ. म्हणजे साधारण ४ ते १० सेल्सिअस. ८८ म्हणजे ३१.

तारा कासव मिळेल का याचं उत्तर: मिळालं तरी घेऊ नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळायला आणि विकायला मनाई आहे, आणि २०१९ पासून साइट्‌सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. दुकानातलं तारा कासव म्हणजे जंगलातून चोरलेलं.

याच धाग्याला धरून सायलीसाठीही: बॉक्स टर्टलचे नियम इथे राज्याराज्यांत वेगळे आहेत, बऱ्याच ठिकाणी रानातून उचलणं गुन्हा आहे. तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याला एकदा विचारून ठेवा, आजोबांकडून आल्याची दोन ओळींची चिठ्ठी घ्या. आणि कधी कंटाळलात तर जवळच्या रानात सोडू नका. बॉक्स टर्टलचं आयुष्य एका छोट्या टापूत जातं. नव्या जागी सोडलं की ती जुनी जागा शोधत चालत राहतात आणि रस्त्यावर येतात. शिवाय रानातल्या कासवांना आजार देतात ते वेगळंच.

सायली_एम

वाचून डोकं गरगरलं, पण कामाचं आहे सगळं. अपडेट:

डॉटीला डॉक्टरांकडे नेलं. निदान निशिगंधाने सांगितलं तेच. अ जीवनसत्त्व कमी, शिवाय विष्ठेत जंत. इंजेक्शन दिलं, जंताचं औषध दोन हप्त्यांत, डोळ्यात मलम. या थंडीत झोप नाही म्हणजे नाही. हँक ठणठणीत, त्याची विष्ठाही स्वच्छ. तळघरात प्रफुल्लच्या मापाने खोका ठोकणं चालू आहे. नवरा आता गॅरेजचं नाव काढत नाही, कुठला प्लाय वापरावा यावर व्याख्यान देतो.

पहिल्या रात्री जुन्या प्लॅस्टिकच्या टबात तात्पुरतं ठेवलं होतं. रात्रभर खरड खरड. सकाळी पाहिलं तर चारही कोपरे उकरून पाहिलेले आणि बाई पाण्याच्या थाळीखाली शिरून बसलेल्या.

आता नवी अडचण. डॉक्टर म्हणाले गांडुळं, गोगलगायी, जोडीला भोपळा, रताळं, गडद पाल्याची भाजी. आमचं घर शाकाहारी, आणि पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत. गांडुळांचा डबा फ्रिजमध्ये ठेवावा लागतो म्हणे?

गौरी_डी

विवेकरावांचा फ्रिज भाड्याने घ्या.

प्रफुल्ल_जे

गांडुळांना फ्रिज लागतोच असं नाही. तळघराच्या गार कोपऱ्यात ओल्या मातीच्या डब्यात राहतात, भाज्यांची सालं घातली की झालं. सासूबाईंना "कंपोस्ट" म्हणून सांगा, खोटंही नाही.

अ जीवनसत्त्वासाठी लाल भोपळा, रताळं (उकडून किसून), गाजर, डँडेलियनची पानं. पालक अधूनमधून, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. नुसत्या भाज्या पुढे ठेवल्या तर डॉटी तोंड फिरवेल. गांडुळाचे तुकडे भोपळ्याच्या किसात घोळून द्या, वळवळ दिसली की चोच मारते आणि किस आपोआप पोटात जातो. वर चिमूटभर कॅल्शियमची पूड. सकाळी अंघोळीनंतर द्या, दिवा लागून तासभर झाला की.

खटपट्या

पण मूळ प्रश्न राहिलाच की. हँक बाहेर का आत?

अरविंदकाका

बाहेर. निरोगी, वजनदार, आयुष्यभर बाहेर झोपलेला. प्रश्नच नाही.

प्रफुल्ल_जे

आत. नवी जागा, ऑगस्टपासूनची. तिथली माती, पाणी कुठे साचतं, काहीच त्याला ठाऊक नाही. या वर्षी आत, पुढच्या वर्षी बघा. मात्र डॉटीच्या खोक्यात नको. नर कोंडलेल्या जागेत मादीला फार छळतो, आणि ती आजारी आहे.

निशिगंधा_वा

दोघंही पटतात. पण प्रफुल्ल, आणखी एक ६ बाय ३ चा खोका ही सूचना सायलीच्या मिस्टरांना तू कळव.

सायली_एम

भांडू नका, हँकने स्वतःच ठरवलंय. काल संध्याकाळपासून दिसत नाही! सगळी पानं हलक्या हाताने बाजूला केली तेव्हा कुंपणाच्या ईशान्य कोपऱ्यात पाठीचा अर्धा इंच दिसला. मातीने माखलेला, कवच घट्ट मिटलेलं, पुढच्या फटीत एक सुकं पान अडकलेलं. हात लावला तर आतून फुस्स.

काळजी एकच. छताच्या पन्हाळीचं पाणी त्याच कोपऱ्यात उतरतं.

अरविंदकाका

मग तिथे नाही ठेवायचा. पाण्यात बुडालेली माती गोठली तर सगळं संपलं.

अजून उशीर झालेला नाही, दिवसा ६० च्या वर जातंय ना? दुपारी उकरून काढा, कोमट पाण्यात थोडा वेळ बसवा म्हणजे पिऊन घेईल. दरम्यान उंच बाजूला मी सांगितलं तशी माती भुसभुशीत करा आणि त्यावर सोडा. पन्हाळीला पाइप जोडून तोंड कुंपणाबाहेर काढा. तो जुन्या कोपऱ्याकडे परत जाईल, म्हणून तिथे दोन फरशा टाका. पानं आत्ता पातळच घाला, कडक थंडी पडली की वाढवा. डिसेंबर उजाडला की मात्र उकरून बघायचं नाही. फार राहवलं नाही तर मातीत तापमापकाची तार सोडून ठेवा. सहा इंचांवर ३५ च्या खाली सरकायला लागलं की आणखी पानं टाका.

प्रफुल्ल_जे

तार सोडणार असाल तर माझा विरोध मागे. पण ३५ च्या खाली टिकून राहिलं तर? ईस्टर्नची मोठी कासवं अंगातलं अर्ध्याहून जास्त पाणी गोठूनही जगल्याचे प्रयोग आहेत, पण ते काही तासांचं, फार तर दोन-तीन दिवसांचं काम. त्यावर भरवसा नको.

विवेक_फ्रिजवाले

तसं झालं तर मला निरोप करा. मी दोन गावं सोडून राहतो, खालचा कप्पा रिकामा आहे. थंड कासव एकदम उबेत आणू नका एवढं लक्षात ठेवा, डब्यात माती घालून तसंच गार गाडीतून आणा.

सायली_एम

विवेक, लाख लाख धन्यवाद. पन्हाळीला पाइप जोडला, फरशा टाकल्या. हँक फरशांपर्यंत गेला, एका फरशीच्या कडेला बराच वेळ पंजा मारत बसला, मग रागारागाने (मला तसं वाटलं) उंच बाजूला गेला. अंधार पडेपर्यंत अर्धा आत होता. तार सोडली आहे, आज ५१ दाखवतेय.

डॉटीने आज पहिलं गांडूळ खाल्लं. नवऱ्याने दिलं, मी जिना चढून वर गेले होते.

पुणेरी_पाहुणा

आमच्याकडे दुकानातून आणलेलं लाल कानाचं पाण्यातलं कासव आहे. डिसेंबरात खात नाही, दिवसभर तळाशी असतं. तेही झोपतं का? टाकी बाल्कनीत आहे.

निशिगंधा_वा

बाल्कनीतून आत घ्या, पाण्यात हीटर घालून ७५ (घ्या, २४ सेल्सिअस) ठेवा, आणि वर बसायला कोरडी जागा व दिवा आहे का ते सांगा. बाकीचं नव्या धाग्यात विचारा, इथे काका गॅरेजवर परत सुरू होतील.